दहावा फरक

“किती सापडले?” मेस्त्रींनी विचारलं.

अंक नुकताच बांधणीतून आला होता, त्याला अजून खळीचा वास येत होता. मी तीस आणि एकतीस ही समोरासमोरची पानं उघडून बसलो होतो आणि पेन्सिलीचं टोक एकदा डावीकडच्या चित्रावर, एकदा उजवीकडच्या चित्रावर ठेवत होतो.

“दहा,” मी म्हणालो.

मला नऊ सापडले होते.

नऊ म्हणालो असतो तर मेस्त्रींनी दहावा बोटाने दाखवला असता, आणि तेवीस वर्षं प्रूफं वाचणाऱ्या माणसाला नाकासमोरची एक गोष्ट दिसत नाही हे सगळ्या ऑफिसला कळलं असतं. दोष माझ्याच नजरेचा असणार याबद्दल मला जराही शंका नव्हती. बाकी सगळ्या बाबतींत मला शंका असत.

“चांगलं आहे. आमच्या घरी आठाच्या पुढे गाडी जात नाही,” मेस्त्री म्हणाले.

“तुम्ही बघितलंत का छापून आलेलं?”

“मी? मी कधीच बघत नाही. यजमानाने पंगतीला बसू नये.”

हे साल शहाऐंशीचं. साताऱ्यात ‘गृहसोबती’ नावाचं एक साप्ताहिक निघत असे. त्यात पाककृती, राशिभविष्य, एक कौटुंबिक कथा आणि एक वैद्यांचा सल्ला असे. मी तिथे मुद्रितशोधक होतो, म्हणजे छापण्याआधी चुका काढणारा. दिनकर मेस्त्री चित्रकार होते. दरवर्षी दिवाळीच्या आधी ‘दहा फरक ओळखा’ ही स्पर्धा असे, आणि तिचं चित्र मेस्त्री काढत. आधी एक चित्र काढायचं, मग त्यावर पातळ कागद ठेवून दुसरं गिरवायचं, आणि गिरवताना दहा ठिकाणी मुद्दाम चुकायचं, अशी त्यांची पद्धत होती.

त्या वर्षी स्पर्धा पुरस्कृत केली होती ‘चौरंग’ या बैठे खेळ बनवणाऱ्या कंपनीने. त्यामुळे चित्रात एक सुखी कुटुंब सतरंजीवर बसून सापशिडी खेळत होतं. आजी, आईबाबा, दोन मुलं आणि मांजर. मागच्या फळीवर ल्यूडो, व्यापार आणि भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड. विजेत्या कुटुंबाचा फोटो चौरंगच्या नव्या सापशिडीच्या खोक्यावर छापला जाणार होता. या एका आमिषाने जिल्ह्यातल्या किती घरांतली शांतता गेली ते पुढे आलेल्या पत्रांवरून कळलं.

मेस्त्रींचं मात्र वेगळंच पणाला लागलेलं होतं. आषाढात त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली होती. आमचे मालक-संपादक भालचंद्र निकम यांचा पुतण्या शैलेश पुण्याहून चित्रकला शिकून आला होता. त्याच्याकडे हवेने रंग फवारायचं यंत्र होतं, आणि ते ठेवायला ऑफिसात टेबल एकच होतं. निकमसाहेबांनी माझ्यासमोरच मेस्त्रींना सांगितलं होतं, “या स्पर्धेत काही गडबड झाली नाही तर आणखी दोन वर्षं तुम्हीच. झाली, तर माझा नाइलाज आहे. नजर आणि हात ही माणसाच्या हातात नसतात.”

नजर आणि हात माणसाच्या हातात नसतात हे वाक्य मला दुरुस्त करावंसं वाटलं होतं, पण ते बोललेलं होतं, छापलेलं नव्हतं.

मेस्त्रींचा हात बारीक अक्षरांना थोडा थरथरायचा हे खरं होतं. म्हणून सापशिडीच्या पटावरचे आकडे ते हाताने लिहीत नसत. छापील आकड्यांच्या कागदातून एकेक आकडा कापून चिमट्याने चिकटवत. शंभर घरं, दोन चित्रं. मी एकदा म्हणालो होतो, “एवढं कशाला, दोन वर्षं सोडून द्या की.” त्यावर ते म्हणाले, “खासनीस, रविवारी घरात कुठे बसायचं तेच मला कळत नाही. खुर्चीवर बसलो तर बायको केर काढायला येते, कॉटवर बसलो तर चादर बदलायला येते. मला टेबल लागतं.”

तर मला नऊ सापडले होते आणि मी दहा म्हणालो होतो.

पंधरा दिवसांत सहाशे बारा प्रवेशिका आल्या. त्या फोडून लावायचं काम माझ्याकडे होतं. खरी उत्तरं मेस्त्रींनी लिहून लाखेने बंद केलेल्या पाकिटात निकमसाहेबांच्या कपाटात होती. काही वर्षांपूर्वी ती एका कर्मचाऱ्याच्या साडूपर्यंत पोचली होती, तेव्हापासून हा बंदोबस्त होता.

मांजराची शेपटी, बाबांचं बटण, आईच्या हातातली एक जास्तीची बांगडी, कॅरमचं नाहीसं झालेलं भोक, घड्याळाचा काटा, असे नऊ फरक सगळ्यांना सापडले होते. मला सापडलेले तेच नऊ. दहाव्यावर मात्र एकमत नव्हतं.

कोरेगावच्या एका निवृत्त मामलेदारांनी एकूण तेवीस फरक काढून खाली सही-शिक्का केला होता. एकाने लिहिलं होतं, ‘पहिले चित्र पान तीसवर असून दुसरे एकतीसवर आहे.’ कराडच्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘पहिल्या चित्रात बाबा खेळत आहेत. दुसऱ्यात नुसते बसले आहेत. हे मला ताबडतोब ओळखू आले.’ एका शाळकरी मुलीच्या मते दुसऱ्या चित्रातला भाऊ सोंगटी दोन घरं जास्त पुढे सरकवण्याच्या विचारात होता. सगळ्यांत जास्त, म्हणजे एकशे तेहतीस कुटुंबांना, दुसऱ्या चित्रातल्या आजी कमी हसताना दिसल्या होत्या.

मी पुन्हा पुन्हा चित्र बघितलं. आजी मला सारख्याच दिसल्या. पण एकशे तेहतीस कुटुंबं म्हणजे, एका घरात चार धरली, तरी पाचशेच्या वर माणसं. त्यांच्यापुढे मी एकटा.

सहाशे बारापैकी फक्त एका प्रवेशिकेत नऊ फरक होते. ती वाईच्या शेवडे नावाच्या कुटुंबाची होती. खाली लिहिलं होतं, ‘आम्ही पाच जणांनी चार दिवस शोधले. नऊच सापडले. आमचेच कुठेतरी चुकत असणार. त्रासाबद्दल क्षमस्व.’

ते कार्ड मी टेबलाच्या खणात ठेवलं. का ठेवलं ते सांगता येणार नाही. मला त्या घरात राहायला जावंसं वाटलं.

पाकीट फोडायच्या दिवशी निकमसाहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. निकमसाहेब, चौरंगचे प्रतिनिधी बारटक्के, मेस्त्री आणि कोपऱ्यात यादी घेऊन मी. बारटक्क्यांनी खिशात फासे ठेवलेले असत आणि बोलताना ते खुळखुळवत.

निकमसाहेबांनी लाख तोडली आणि वाचायला सुरुवात केली. मांजर, बटण, बांगडी. मी खुणा करत गेलो. नऊ झाले.

“दहा,” निकमसाहेबांनी वाचलं, “सापशिडीच्या पटावर सत्तावन्न आणि एकोणसाठच्या मध्ये, पहिल्या चित्रात अठ्ठावन्न, दुसऱ्यात पंच्याऐंशी.”

त्यांनी अंक उघडला. भिंग मागवलं. बघितलं. बारटक्क्यांनी बघितलं. मग मेस्त्रींकडे अंक आला.

“दोन्हीकडे अठ्ठावन्न आहे,” बारटक्के म्हणाले.

“असं कसं,” मेस्त्री म्हणाले. “मी लावला होता. पंच्याऐंशी.”

“लावला होता की लावायचा ठरवला होता?” निकमसाहेबांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. असा आवाज ते माणसाला काढून टाकायच्या आधी लावत.

“लावला होता. म्हणजे...” मेस्त्रींनी भिंग पुन्हा घेतलं. “मला आठवतंय की मी कापला. चिमट्यात धरला.” ते थांबले. “मूळ चित्र मागवा ना.”

मूळ चित्र मागवलं. त्यावरही अठ्ठावन्नच होता, व्यवस्थित चिकटवलेला.

मेस्त्रींनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, एखाद्याने आपल्याबद्दल कागाळी केली आहे आणि ती कुणी केली ते आता कळलं, असं.

“मग आता काय करायचं?” निकमसाहेब म्हणाले. “फरक नऊच होते असं छापायचं?”

“छे छे,” बारटक्के म्हणाले. “सहाशे अकरा कुटुंबांना दहा सापडलेत. त्यांना आपण खोटं पाडायचं? आमची कंपनी कुटुंबांना हरवत नाही साहेब. आमच्या खेळातसुद्धा शेवटी सगळेच शंभरावर पोचतात, कुणी लवकर, कुणी उशिरा.”

“बहुमत कशाला आहे, खासनीस?”

“आजींना,” मी म्हणालो. “एकशे तेहतीस.”

“मग झालं. आजी कमी हसतायत.”

“आजी मी गिरवलीय,” मेस्त्री हळू आवाजात म्हणाले. “रेषेवर रेष. ती कमी कशी हसेल?”

“बघा तुम्हीच,” निकमसाहेब म्हणाले.

मेस्त्रींनी बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. बारटक्के म्हणाले, “डावा गाल बघा ना, सरळ दिसतंय.” आणि सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मलाही दिसलं. उजव्या चित्रातल्या आजी कशावर तरी नाराज होत्या.

“आणि हे नऊवाले?” मी शेवड्यांचं कार्ड पुढे केलं.

“अपूर्ण. बाद करा,” निकमसाहेब म्हणाले. मग मेस्त्रींकडे वळले. “मेस्त्री, बक्षीस समारंभ पुढच्या रविवारी आहे. त्यात तुमचा सत्कार ठेवू. बावीस वर्षं झाली. शाल, श्रीफळ, मानपत्र.”

आमच्याकडे सत्कार म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मेस्त्रींनी मान हलवली आणि ते बाहेर गेले. दारापाशी त्यांनी चौकट आधी हाताने चाचपली. असं त्यांना करताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

तो गुरुवार होता. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी जुन्या प्रूफांच्या तारेपाशी गेलो. तपासून झालेलं प्रत्येक पान वर्षभर तारेत ओवून ठेवायचं असा नियम होता. मला काही आठवत होतं असं नाही. आठवड्याला शेकडो खुणा करणाऱ्याला एक खूण आठवत नाही. पण ‘पहिल्या चित्रात अठ्ठावन्न, दुसऱ्यात पंच्याऐंशी’ हे शब्द ऐकल्यापासून माझा उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासत होतं, लाल पेन्सिल धरल्यासारखं.

पान एकतीस सापडलं. ते पान तीसच्या दोन दिवसांनंतर माझ्याकडे आलं होतं, एकटंच, पाककृती आणि राशिभविष्याच्या गठ्ठ्यात. कोपऱ्यात ‘कढीलिंब’ असं मी दुरुस्त केलेलं होतं, ते एका वाटणाच्या जाहिरातीत. त्याच्या वर चित्र. चित्रात सापशिडीचा पट. सत्तावन्न, पंच्याऐंशी, एकोणसाठ. आणि पंच्याऐंशीभोवती माझं लाल वर्तुळ, समासात ‘५८’, खाली ‘वा. खा.’ ही माझी सही आणि तारीख.

आमच्याकडे प्रूफातल्या दुरुस्त्या मूळ पानावर चिकटवायचं काम कुमुद करत असे. तिने माझ्या खुणेप्रमाणे मूळ चित्रावर आकडा बदलला होता, आणि लगेच ती बाळंतपणासाठी पाटणला माहेरी गेली होती. म्हणून हे सांगायला ऑफिसात कुणीच नव्हतं.

मी ते पान घेऊन निकमसाहेबांकडे गेलो. दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो, तिसऱ्यांदा आत गेलो.

“साहेब, चूक माझी आहे.”

“कसली?”

“दहाव्या फरकाची. मेस्त्रींनी लावला होता. मी काढला.”

ते हसले. मनापासून हसले. “खासनीस, मागच्या महिन्यात वीज गेली तेव्हाही तुम्ही मला सॉरी म्हणालात.”

“तेव्हा मी नुकतंच बटण दाबलं होतं म्हणून...”

“कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठे होतात? नाही, त्याचीही कबुली देऊन टाका. तुमचं मन मोठं आहे, मेस्त्री मित्र आहेत, मला कळतं. पण दुसऱ्याचं असं अंगावर घेऊ नका.”

मी प्रूफ पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, झालं.

“सत्तावन्नच्या पुढे काय येतं?” त्यांनी विचारलं.

“अठ्ठावन्न.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“अठ्ठावन्न.”

“मग चूक कुठे आहे?” त्यांनी प्रूफ मला परत दिलं. “तुमचं काम तुम्ही बरोबर केलंत. तपासणीला येणाऱ्या पानावर चुकीचा आकडा ठेवणं हीच मुळात बेशिस्त आहे. शैलेश तर म्हणतो, पुढच्या वर्षी फरक आधी तपासून, बिनचूक करूनच छापायचे.”

मी हे नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला. तोवर ते पुढे बोलत होते.

“बरं झालं आलात. मानपत्र तुम्हीच लिहा. तुमचं वाचन आहे. जरा भरदार होऊ द्या, मी वाचणार आहे.”

निकमसाहेब वाचून दाखवायचा मजकूर आधी कधी वाचत नसत. त्याने आवाजातला ताजेपणा जातो असं त्यांचं मत होतं.

पुढचे दिवस मेस्त्री ऑफिसात येत होते, पण चित्र काढत नव्हते. टेबल आवरत होते. मधूनच तो अंक उघडून आजींकडे बघत बसत. सोमवारी त्यांनी मला हाक मारली.

“खासनीस, इकडे या. खरं सांगा. हसू कमी आहे?”

खिशात प्रूफ होतं. घडी घालून मी ते रोज घेऊन येत होतो आणि रोज घेऊन जात होतो. हे सगळं सांगायला चार वाक्यं पुरली असती. मी ती वाक्यं घरी लिहूनही काढली होती, पहिल्यात दोन दुरुस्त्या केल्या होत्या.

“मला नाही वाटत,” मी म्हणालो.

“नाही वाटत म्हणजे नाही, की नक्की सांगता येत नाही?”

“नक्की... म्हणजे प्रकाशावर अवलंबून आहे.”

“हं,” ते म्हणाले. “मलाही आता कमी दिसतंय. चाळीस वर्षं मला रेष कशी आहे ते विचारावं लागलं नव्हतं कुणाला.” मग जरा थांबून, “तुमच्याकडे काही काम आहे का? कोणतंही द्या. मला इथे नुसतं बसवत नाही.”

मी त्यांना टाचण्या लावायला काही कागद दिले. त्यांनी त्या लावल्या, अगदी एका रेषेत.

मानपत्र मी मंगळवारी लिहिलं, बुधवारी फाडलं, आणि शुक्रवारी पुन्हा लिहिलं. शनिवारी ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं आणि गुंडाळी करून लाल फीत बांधून निकमसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

रविवारी सकाळी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. विजेतं कुटुंब चिठ्ठी टाकून निवडलं होतं, आजी कमी हसणाऱ्या एकशे तेहतीसांतून. ते कराडचे सहा जण होते. व्यासपीठावर त्यांना सतरंजीवर सापशिडीभोवती बसवून खोक्यासाठी फोटो घ्यायचा होता. फोटोग्राफर त्यांच्या आजींना सांगत होता, “हसा आजी, हसा.” त्या म्हणत होत्या, “दात नाहीत रे मला. दुसऱ्या कुणाला तरी हसव.” बारटक्के फासे खुळखुळवत उभे होते. शेवटी आजींच्या हातात नारळ दिला आणि तोंड अर्धं झाकून फोटो घेतला.

मग मेस्त्रींना बोलावलं. त्यांच्या खांद्यावर शाल घातली. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसलो होतो, हात मांड्यांखाली घेऊन. निकमसाहेबांनी फीत सोडली आणि माइकसमोर उभे राहिले.

“श्रीयुत दिनकर मेस्त्री यांस सादर अर्पण,” त्यांनी सुरुवात केली. आवाज ताजा होता. “गेली बावीस वर्षे आपण आपल्या रेषेने ‘गृहसोबती’च्या वाचकांची घरे सजवलीत.”

टाळ्या पडल्या. आमच्या गावात मानपत्राच्या प्रत्येक पूर्णविरामाला टाळ्या पडतात. श्रोते शब्द ऐकत नाहीत, आवाज खाली आला की वाजवतात.

“आपण चुका मुद्दाम केल्यात, त्या कधीही नकळत झाल्या नाहीत.”

टाळ्या.

“यंदाच्या स्पर्धेतील दहावा फरक आपण यथास्थित काढला होता. सापशिडीच्या पटावर अठ्ठावन्नच्या जागी पंच्याऐंशी हा आकडा आपण स्वतःच्या हाताने लावला होता.”

टाळ्या. बारटक्के सगळ्यांत जोरात वाजवत होते.

“तो चूक समजून पुसून टाकण्याचे काम या साप्ताहिकाचे मुद्रितशोधक वामन खासनीस यांनी केले, याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे.” इथे निकमसाहेबांचा आवाज किंचित अडखळला, पण वाक्य वर चढलेलं होतं आणि ते खाली उतरवल्याशिवाय त्यांना सोडता येत नव्हतं. “आपली नजर चुकली नव्हती, आपला हात चुकला नव्हता, आणि आजींचे हसू दोन्हीकडे सारखेच आहे.”

सगळ्यांत मोठ्या टाळ्या या वाक्याला पडल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, “भाषा काय आहे बघा.”

व्यासपीठावर एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या एका हातात नारळ होता आणि तो समोरच्या रांगांत कुणाला तरी शोधत होता. मी मान खाली घातली.

कार्यक्रम संपल्यावर निकमसाहेब गर्दीतून माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता आपलंही टेबल गेलं. ते म्हणाले, “छान जमलं होतं खासनीस. फक्त मध्ये आकडेवारी जरा जास्त झाली.” आणि पुढे गेले.

मेस्त्री व्यासपीठाच्या बाजूच्या पायऱ्यांवर उभे होते. मला टाळून जाता आलं असतं, दुसरं दार उघडं होतं.

“प्रूफ आहे तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं.

“घरी आहे. म्हणजे रोज खिशात असतं. आज सदरा बदलला.”

“तुम्हाला कळलं कधी?”

“पाकीट फोडलं त्याच दुपारी.”

“दहा दिवस झाले.”

“हो.”

“निकमांना सांगितलंत?”

“त्याच दिवशी. ते म्हणाले...”

“ते काय म्हणाले ते राहू द्या. निकमांना सांगितलंत. आज माइकवरून गावाला सांगितलंत. माझं टेबल तुमच्या टेबलापासून किती लांब आहे हो?”

“चार पावलं,” मी म्हणालो.

“चार.” त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “मी काल माझे टाक आणि ब्रश शाळेत देऊन आलो. सगळे. म्हटलं, ज्याला स्वतःची रेष दिसत नाही त्याने ठेवून काय करायचं.”

‘माफ करा’ हे शब्द त्या ऑफिसात मी दिवसातून दहा वेळा म्हणत असे. कुणाला धक्का लागला, शाई सांडली, कुणी दुसऱ्याने काही विचारलं की आधी माफ करा. त्या पायरीवर मात्र ते तोंडातून निघाले नाहीत.

मेस्त्रीवहिनी पिशवी घेऊन आल्या. “चला, रिक्षा थांबवलीय,” त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, “भावजी, फार छान लिहिलंत हो. सगळं नाही कळलं, मागे पोरं दंगा करत होती.”

“दहा होते,” मेस्त्री म्हणाले.

“काय दहा?”

“फरक. दहाच होते. घरी सांगतो.”

त्यांनी नारळ तिच्या पिशवीत टाकला आणि ते पायऱ्या उतरले. कठड्याला हात न लावता. शेवटच्या पायरीवर थांबून मागे न बघता म्हणाले, “खासनीस, ते प्रूफ मला घरी आणून द्या. पोस्टाने नको. स्वतः या.”

“उद्याच येतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यानंतरच्या दिवशी दारापर्यंत गेलो, आतून रेडिओ ऐकू येत होता, बातम्या संपू द्याव्यात म्हणून थांबलो आणि बातम्या संपल्यावर परत आलो. ऑफिसात तोवर शैलेश रुजू झाला होता. चार पावलांवरून रंगाचा बारीक फवारा माझ्या प्रूफांवर येऊन बसत होता.

बुधवारी मी प्रूफ पाकिटात घालून नेलं आणि कडी वाजवली. वहिनींनी दार उघडलं.

“हे नाहीत घरात,” त्या म्हणाल्या. “शाळेत गेलेत. दिलेले ब्रश परत मागायला. काल दोनदा निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. म्हणत होते, दिलेलं मागायचं कोणत्या तोंडाने. आज मात्र गेले. वेळ लागेल त्यांना. तुम्हाला उशीर होत असला तर पाकीट ठेवून जा, मी देते.”

मी पाकीट त्यांच्या हातात देणारच होतो.

“नको,” मी म्हणालो. “मी थांबतो.”

त्यांनी कॉटवरची चादर नीट केली, आणि मी बसलो.